बिलावर नुसतं ‘कॉम्प्युटर सेट, १ नग’ लिहू नका

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

परवा तुमचा पेपर उघडला तर आतून एक गुळगुळीत पॅम्प्लेट पडलं. लाल-निळे दिवे लागलेला कॅबिनेट आणि खाली मोठ्या अक्षरांत ‘आय-सेव्हन गेमिंग पीसी, ४ जीबी ग्राफिक कार्ड, संक्रांत ऑफर’. आय-सेव्हन म्हणजे इंटेल कंपनीचा प्रोसेसर, कॉम्प्युटरचा मेंदू; ग्राफिक कार्ड म्हणजे गेमचं चित्र पडद्यावर काढणारा भाग. कोणत्या पिढीचा आय-सेव्हन, कार्ड कोणतं, कशाचाच पत्ता नाही. पॅम्प्लेट तुम्ही छापत नाही, पेपर वाटणारे आत घालतात, हे मला माहीत आहे. पण ते पाहून गेल्या मे महिन्यात गेलेले माझे साडेआठ हजार रुपये आठवले, म्हणून हे पत्र.

नागपूरच्या अयोध्यानगरात माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. कूलरच्या मोटारी, पाण्याचे पंप, कधी मिक्सर. अठ्ठावीस वर्षं झाली तांब्याची तार गुंडाळतो आहे. कॉम्प्युटरमधलं मला काही कळत नव्हतं, आताही फार कळतं अशातला भाग नाही. पण विजेवर चालणाऱ्या कुठल्याही वस्तूच्या अंगावरची नेमप्लेट मला वाचता येते, आणि शेवटी तीच कामी आली.

५ मे २०२५ ला बारावीचा निकाल लागला. धाकटीला ८१ टक्के पडले. दोन वर्षांपासून तिचं ‘गेमिंग पीसी, गेमिंग पीसी’ चाललं होतं आणि मी ‘बारावी होऊ दे’ म्हणत टाळत होतो. निकाल पाहिला, दुकानाचं शटर ओढलं आणि तिला न विचारता थेट बर्डीला, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, गेलो. म्हटलं, पोरीला चकित करू. इथेच पहिली चूक झाली. ज्याला वापरायचं त्याला न विचारता पंपसुद्धा घेऊ नये, हे मी गिऱ्हाइकांना रोज सांगतो.

दुकानदार मोठा गोड माणूस. “काका, आय-सेव्हन आहे. याच्यावर काहीच नाही. ४ जीबीचं कार्ड टाकून देतो, पोट्टी खूश होऊन जाईन.” मॉनिटर धरून ३१,५०० रुपये झाले. चार पंखे, चारही रंग बदलणारे. ऑटोत मांडीवर कॅबिनेट घेऊन घरी आलो.

पोरगी आधी खूश झाली, खोटं कशाला सांगू. मग तिने कुठलीशी खिडकी उघडून नाव वाचलं आणि गप्प बसली. तिचा आवडता गेम व्हॅलोरंट. तो टाकला तर उघडेचना, नुसती चूक दाखवून बंद. तिने समजावून सांगितलं ते असं : त्या मशीनवर विंडोज ११ जबरदस्तीने बसवलं होतं. विंडोज ११ वर हा गेम टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि सिक्युअर बूट (मशीन सुरू होताना होणारी सुरक्षेची तपासणी) मागतो, आणि या जुन्या मदरबोर्डात, म्हणजे सगळे भाग ज्यावर बसतात त्या पाटीत, ते टीपीएम नाहीच. इंटेलचे साधारण आठव्या पिढीच्या आधीचे प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीतच नाहीत. आमचा होता आय-सेव्हन ३७७०, तिसऱ्या पिढीचा, २०१२ सालचा.

“बाबा, मी केजीत होती तेव्हाचा प्रोसेसर आहे हा.”

यावर काय बोलणार!

मला वाटत होतं आय-सेव्हन हे मोटारीच्या एचपीसारखं, म्हणजे हॉर्सपॉवरसारखं, माप आहे. एक एचपी म्हणजे ७४६ वॅट, माझ्या उस्तादाच्या काळातही आणि आजही. आय-सेव्हन तसं नाही. तो त्या त्या वर्षीच्या वर्गातला हुशार पोरगा. २०१२ च्या वर्गातल्या या हुशार पोराला चार कोअर (काम करणारे हात) आणि आठ थ्रेड (एका वेळी घेता येणारी कामं). २०२२ च्या जानेवारीत आलेल्या साध्या आय-थ्री १२१००एफ लाही चार कोअर आणि आठ थ्रेडच. पण हा आय-थ्री त्या आय-सेव्हनला सहज मागे टाकतो. नावातला सात बघायचा नाही, त्यापुढचे आकडे बघायचे.

ग्राफिक कार्डाचीही तीच गत. ते निघालं जीटी ७३०, २०१४ साली आलेलं. त्याला ४ जीबी मेमरी लावलेली असते, म्हणून पॅम्प्लेटवर आकडा भरदार दिसतो. पण हे म्हणजे गच्चीवर दोन हजार लिटरची टाकी बांधायची आणि खाली अर्ध्या एचपीचा पंप लावायचा. टाकीचा आकार सांगून पंप विकला मला.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो. तो म्हणाला, “काका, आय-सेव्हन म्हटलं होतं, आय-सेव्हन दिला. ४ जीबी म्हटलं होतं, ४ जीबी दिलं. यात चूक काय?” बिल काढून पाहिलं. त्यावर एकच ओळ : कॉम्प्युटर सेट, १ नग. पुढे रक्कम. प्रोसेसरचं नाव नाही, कार्डाचं नाही, एकाही वस्तूचा सिरियल नंबर नाही. भांडायचं तरी कशाच्या जोरावर? मॉनिटर मी ठेवून घेतला. त्याचे सहा हजार वजा करून बाकीच्या साडेपंचवीस हजारांच्या मालाचे त्याने सतरा हजार परत दिले, तेही उपकार केल्यासारखे.

जास्त राग कशाचा आला ते सांगतो. नंतर पोरीने हिशेब मांडून दाखवला. जवळपास तेवढ्याच पैशांत एएमडी कंपनीचा नवाकोरा प्रोसेसर, रायझन ५ ५६००जी, बसत होता. त्याच्या पोटातच ग्राफिक्स असतं, वेगळं कार्ड लागत नाही. आठ-आठ जीबीच्या दोन रॅम (काम चालू असतानाची तात्पुरती मेमरी) लावल्या की व्हॅलोरंट त्यावर मजेत चालतो. पुढे पैसे जमले की कार्ड घालायचं. ज्यांचं बजेट तीस हजारांच्या आसपास आहे त्यांनी या वाटेचा विचार जरूर करावा. फक्त रॅम दोन हव्यात. पोटातल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅममधूनच उसनं घेतं. रॅमच्या एकाच काडीवर ठेवलं तर अर्ध्या रुंदीच्या नळाने पाणी भरल्यासारखं होतं.

आम्ही मात्र आता हट्टाला पेटलो होतो. तिच्या आईने सोन्याच्या भिशीतले पैसे काढले, मी कूलर-सीझनच्या गल्ल्यातून घातले आणि मॉनिटर सोडून पन्नास हजार ठरले. या खेपेस कारभार पोरीचा, मी नुसता पिशवी धरणारा.

तिची रीत मला आवडली. आधी कोणते गेम, कोणत्या मॉनिटरवर, हे ठरवलं. मॉनिटर साधा १०८० पिक्सेलचा, तर चौपट पिक्सेलच्या फोर-के पडद्याचं कार्ड घेऊन करायचं काय? मग कार्ड आधी निवडलं आणि उरलेल्या पैशांत बाकी संसार बसवला. कार्ड एएमडीचं आरएक्स ६६००, खरोखरीच्या ८ जीबीचं, २०,४०० ला. सगळा खर्च झाला ५०,७००, म्हणजे शंभरातले चाळीस रुपये एकट्या कार्डाचे. प्रोसेसर रायझन ५ ५६००, सहा कोअरचा. कंपनीचा पंखा त्याच्या डब्यातच येतो, वेगळा घ्यावा लागत नाही. दुकानदार शेवटपर्यंत “यापेक्षा मोठा प्रोसेसर घ्या, कार्ड लहान चालते” म्हणत होता. पोरीने ऐकलं नाही. बोर्ड बी५५०, एवढंच सांगून पुढे जातो, कारण बोर्डातलं मला अजूनही काही कळत नाही.

आता माझ्या प्रांतात येतो. एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरच्या सगळ्या भागांना वीज पुरवणारा खोका.

कॅबिनेटसोबत एक एसएमपीएस फुकट होता. वर सोनेरी अक्षरांत ५०० वॅट. दुकानदार म्हणाला, “कंपनी या कार्डाला ४५० सांगते, हा ५०० चा आहे, अजून काय पाहिजे?” त्याचं अर्धं खरं होतं. एएमडी या कार्डासाठी ४५० वॅटच सांगते. मी तो खोका हातात घेतला आणि मला खटकलं. इतका हलका? रिवाइंडिंगवाल्याचा हात म्हणजे तराजू असतो. मोटार उचलली की आत तांबं आहे की अॅल्युमिनियम ते हाताला कळतं.

खोका उलटा करून नेमप्लेट वाचली. बारा व्होल्टच्या घरात लिहिलं होतं १४ अॅम्पिअर. चौदा बारे एकशे अडुसष्ट. कॉम्प्युटरमध्ये प्रोसेसर आणि कार्ड ही दोन खादाड पोरं बारा व्होल्टवरच जेवतात. बाकीचे ३.३ आणि ५ व्होल्टचे आकडे मिळवून ५०० ची बेरीज दाखवायची आणि खरी ताकद १६८ वॅट. कार्ड १३२ वॅट खातं. प्रोसेसरवर ६५ वॅट लिहिलेलं असतं, पण जोरात चालला की ७६ पर्यंत जातो. झाले २०८. बोर्ड, पंखे, एसएसडी (फाइली साठवायची डिस्क) वेगळेच. म्हणजे दोन एचपीच्या पंपाला अर्ध्या एचपीची तार. शिवाय कार्डाला लागणारी आठ पिनची वायर त्याला नव्हतीच. जुन्या चार पिनांच्या दोन वायरी जोडून आठ पिन करायचा एक कन्व्हर्टर प्लास्टिकच्या पिशवीत टाकला होता. हा कन्व्हर्टर दिसला की समजायचं, हे पात्र या कामाचं नाही.

मी दुसरा मागितला. ५५० वॅटचा, ३,९०० रुपयांचा. त्याच्या बारा व्होल्टच्या घरात ४५ अॅम्पिअर. पंचेचाळीस बारे पाचशे चाळीस. हा खरा साडेपाचशेचा. त्यावर ८० प्लस ब्राँझ असंही लिहिलेलं आहे. लोक ते आयएसआयच्या शिक्क्यासारखं समजतात, पण ते फक्त वीज किती वाया जाते त्याचं प्रमाणपत्र आहे. माल मजबूत असल्याची हमी त्यात नाही. त्यासाठी अॅम्पिअर बघा आणि कंपनी किती वर्षांची वॉरंटी देते ते बघा.

दुकानात आणून दोन्ही तारेच्या काट्यावर ठेवले. फुकटचा ७४० ग्रॅम, विकतचा १ किलो ७८०. फुकटचा मी उघडला. (तुम्ही उघडू नका. आपल्याकडचे २३० व्होल्ट आत डीसी झाले की सव्वातीनशेच्या घरात जातात आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटर ते धरून बसतो. मी रेझिस्टर लावून आधी तो रिकामा केला.) आत पाहिलं तर ज्या जागी फिल्टरची कॉइल असायला हवी, बोर्डावर तिचं चित्रसुद्धा छापलेलं, तिथे तारेचा एक तुकडा आडवा टाकून डाग दिलेला. दोन कपॅसिटरच्या जागा रिकाम्या, नुसती भोकं. एवढं बेइमानीचं काम मी आमच्या धंद्यातही कमी पाहिलं आहे, आणि आमचा धंदा काही फार साधुसंतांचा नाही.

जोडणी घरीच केली. जूनचा पहिला आठवडा, पाऊस अजून यायचा होता. पंखा आणि कूलर बंद केले, कारण पोरीला स्क्रू उडायची भीती. या प्रोसेसरच्या पोटाला १,३३१ पिना असतात, एक वाकली की खेळ खलास. एका कोपऱ्यावर सोनेरी त्रिकोण असतो, तो बोर्डावरच्या त्रिकोणाशी जुळवून नुसता सोडायचा, दाबायचा नाही. ती म्हणाली, “बाबा, तुम्ही हात नका लावू.” घाम खाली टपकू नये म्हणून तिने उन्हात गाडीवर बांधतात तसा दुपट्टा कपाळाला बांधला होता. मी बॅटरी धरून उभा होतो. तो अलगद आत बसला तेव्हा आम्ही दोघांनी एकदम श्वास सोडला. रॅमच्या काड्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. पहिल्या दोन खाचांत लावल्या तर त्या जोडीने काम करत नाहीत.

सुरू केलं. पंखे फिरले, दिवा लागला, पडद्यावर ‘नो सिग्नल’. पोरीचा चेहरा उतरला. काढून पुन्हा लावलं, पुन्हा तेच. तासभर गेला. साडेआठ हजारांच्या जागी आता पन्नास हजार बुडाले असं माझ्या मनात यायला लागलं. शेवटी तिनेच कपाळावर हात मारला. मॉनिटरची वायर मी बोर्डाच्या भोकात खोचली होती. रायझन ५६०० च्या पोटात ग्राफिक्स नसतं, नावापुढे ‘जी’ नाही ना! वायर कार्डाच्या भोकात हवी. बदलली आणि चित्र आलं. बॅटरी धरायच्या कामापलीकडे मी जे एकच काम केलं, तेच चुकलं.

ज्यांना पहिल्यांदा मशीन सुरू करायचं आहे त्यांना आणखी एक. रॅमवर ३२०० लिहिलेलं असतं, पण आपोआप ती तेवढ्या वेगाने चालत नाही. आमची २६६६ वर चालत होती. बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन एक्सएमपी (रॅम पूर्ण वेगाने चालवायची सेटिंग) चालू करावं लागतं. पैसे दिलेत, तर पूर्ण वेग घ्या.

नागपूरच्या लोकांनी कॅबिनेट जाळीचाच घ्यावा. समोरून काच आणि मागे रंगीत पंखे म्हणजे खिडकी बंद करून कूलर चालवणं. हवा येणार कुठून? मेमध्ये बाहेर ४५ अंश असतात तेव्हा खोलीतलीच हवा तापलेली असते, पंखा काही एसी नाही. आणि कूलरच्या थेट झोतात कॅबिनेट ठेवू नका. थंड वाटतं, पण त्या हवेत ओल असते आणि वाळ्याच्या तट्ट्याचा भुसा असतो.

अर्थिंग तपासा. आमच्या घरी कॅबिनेटला हात लावला की बारीक झिणझिण्या येत होत्या. टेस्टर लावला तर मंद पेटला. पोरीला वाटलं मशीन बिघडलं. मशीन ठीकच होतं. चांगल्या एसएमपीएसमध्ये फिल्टरचे दोन कपॅसिटर पत्र्याला जोडलेले असतात, आणि अर्थिंग नसेल तर तो पत्रा अर्ध्या व्होल्टेजवर, म्हणजे सव्वाशेच्या अलीकडे तरंगत राहतो. करंट अगदी थोडा, पण जाणवतो. तिच्या खोलीतल्या सॉकेटचं तिसरं भोक शोभेचं होतं. मी स्वतः इलेक्ट्रिकचं काम करणारा, आणि माझ्याच घरात हे! त्या रविवारी अर्थिंगची तार ओढली. यूपीएस घेणाऱ्यांनी एवढंच लक्षात ठेवा की ६०० व्हीए म्हणजे ६०० वॅट नव्हे, त्यातले बहुतेक ३६० वॅटच देतात.

हे आज का लिहितो आहे? १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला न चालणारी जुनी मशीन आता कवडीमोलाने बाजारात येतात, रंगीत पंखे लावले की झाला गेमिंग पीसी. त्यात २०२५ च्या दिवाळीपासून रॅमचे भाव भडकले आहेत. चिप बनवणाऱ्यांनी आपला माल एआयच्या डेटा सेंटरकडे वळवला. मायक्रॉन या रॅम बनवणाऱ्या कंपनीने तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशल नावाने होणारी किरकोळ विक्रीच बंद करत असल्याचं जाहीर केलं. आम्ही जूनमध्ये ८ अधिक ८ ची जोडी ३,३०० ला घेतली, आज त्या भावात मागितली तर दुकानदार हसतो. मग सेटचा भाव जुनाच ठेवायचा तर कात्री कुठे लागते? एक रॅम काढायची आणि एसएमपीएस ७४० ग्रॅमचा टाकायचा. गिऱ्हाइकाला दिव्यांमध्ये काय दिसणार आहे?

बर्डीतल्या आणि बाकीच्या कॉम्प्युटरवाल्यांना माझं एवढंच मागणं आहे. बिलावर प्रत्येक वस्तूचं पूर्ण नाव, मॉडेल आणि सिरियल नंबर लिहा. दुसऱ्या दुकानाने आम्हाला तसं बिल दिलं, सात ओळींचं. लिहायला पाच मिनिटं लागली. त्याच बिलाच्या जोरावर ऑगस्टमध्ये एसएसडी कंपनीकडून बदलून मिळाली. कंपनीने मागितलं ते बिल आणि सिरियल नंबर, दुसरं काही नाही. आणि जुना माल विकायचा तर खुशाल विका, मीही जुन्या मोटारी विकतो, पण पाटीवर साल लिहितो.

गिऱ्हाइकांनीही पैसे द्यायच्या आधी बिल वाचावं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं हीच अनुचित व्यापार प्रथा धरली आहे. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे. मला तो तेव्हा माहीत नव्हता. असता तरी त्या एका ओळीच्या बिलावर फार काही झालं असतं असं वाटत नाही.

पोरगी आता इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. तिच्या कॉलेजातली तीन-चार पोट्टी आतापर्यंत एसएमपीएस घेऊन माझ्या दुकानात आली, “काका, हा कसा आहे बघा न.” तुमच्या वाचकांपैकी कुणाला दाखवायचा असेल तर त्यांनीही आणावा. वाचायचे आणि वजन करायचे पैसे नाहीत. फक्त मार्च लागायच्या आत या. एकदा कूलरच्या मोटारी यायला लागल्या की मला मान वर करायला फुरसत नसते.

आपला,
एक रिवाइंडिंगवाला वाचक
अयोध्यानगर, नागपूर